सांध्याखालची जमीन

आपल्याकडे गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाविषयी बोलताना ‘त्यांच्या वाट्या बदलल्या’ असे म्हणण्याचा प्रघात आहे; आणि हा शब्दप्रयोग इतका अंगवळणी पडला आहे की, गुडघ्यासमोरची जी वाटी आपण हाताने चाचपू शकतो ती या शस्त्रक्रियेत पुष्कळदा मुळीच बदलली जात नाही, असे सांगितले तर ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नाही. बदलतो तो मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा आणि नडगीच्या हाडाच्या माथ्याचा झिजलेला पृष्ठभाग, आणि तोही साधारणतः आठ ते दहा मिलिमीटर जाडीचा. मांडीच्या हाडाला धातूची टोपी चढते, नडगीवर धातूचे ताट बसते, आणि या दोहोंमध्ये पॉलिएथिलीनची गुळगुळीत चकती राहते. एवढा फेरफार झाल्यावरही पायाचा बाकीचा सारा इमला, म्हणजे वरचे हाड, खालचे हाड, त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि त्यांना हालवणारे स्नायू, रुग्णाचा स्वतःचाच असतो, आणि कारखान्यातून आलेला तो लखलखीत सांधा अखेर या जुन्या हाडाच्या आधारावरच उभा राहतो.

काळ्या मातीत घर बांधायचे तर मुरूम लागेपर्यंत खणावे लागते, हे खेड्यातल्या गवंड्याला कोणी शिकवावे लागत नाही. गुडघ्याच्या बाबतीत मात्र, सांधा कोणत्या कंपनीचा, धातू कोणता, किती वर्षे टिकेल, हे तीन प्रश्न कुटुंबातला प्रत्येक माणूस आळीपाळीने विचारतो, आणि ज्या हाडावर हा सांधा बसायचा त्याची प्रत कशी आहे हा चौथा प्रश्न बहुधा कोणाच्याच ओठावर येत नाही. ज्याचे हाड ठिसूळ झाले आहे, वैद्यकाच्या परिभाषेत ज्याला ऑस्टिओपोरोसिस किंवा अस्थिसुषिरता आहे, त्याच्यासाठी तर मला हा चौथा प्रश्न पहिल्या तिन्हींपेक्षा मोठा वाटतो. कारण त्याच्या उत्तरातूनच धातू, सिमेंट, ताटाखालचा दांडा, हातोडीच्या ठोक्याचा जोर, आणि शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे घ्यावयाचे औषध, या सर्वांची निवड निघते.

हे मी शिकलो ते माझ्या थोरल्या आत्यांच्या निमित्ताने. वय एकाहत्तर, दोन्ही पाय गुडघ्यांतून बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकलेले, जिना चढताना प्रत्येक पायरीला कठड्याचा आधार. शल्यविशारदांनी क्ष-किरण चित्र उजेडावर धरून पाहिले, खाली ठेवले, आणि गुडघ्याविषयी एक अक्षरही बोलण्यापूर्वी विचारले, “आजी, पूर्वी कधी हाड मोडलं होतं का?”

“मोडलं असं नाही हो. मोरीत पाय घसरला, हातावर पडले. मनगटाला दीड महिना प्लास्टर होतं.”

“किती वर्षं झाली?”

“झाली की तीन.”

“बरं, साड्या हल्ली लांब होतात का?”

आत्या प्रथम गोंधळल्या आणि मग हसल्या. “होतात की. निऱ्या चांगल्या वर खोचाव्या लागतात. मला वाटायचं, नेसणंच बिघडलं माझं.”

नेसणे बिघडले नव्हते, उंची कमी झाली होती. पाठीच्या कण्यातले मणके दबले म्हणजे माणूस बोटा-दोन बोटांनी खुजा होतो, आणि त्याची पहिली खबर पुष्कळदा साडीच्या निऱ्यांनाच लागते. तीन वर्षांपूर्वी ज्या रुग्णालयात मनगटाला प्लास्टर घातले गेले, तिथे दीड महिन्याने ते कापून काढताना कोणी एका शब्दाने जरी सांगितले असते की, उभ्या उंचीवरून पडल्याने मनगट मोडणे हा साठीपलीकडच्या स्त्रीच्या बाबतीत ठिसूळ हाडांचा जवळजवळ लेखी दाखलाच असतो, तर ती तीन वर्षे वाया गेली नसती. याची रुखरुख मला आजही आहे, आणि अशा रीतीने वाया गेलेली वर्षे घरोघरी असतील याविषयी मला शंका नाही.

हाड ही निर्जीव खांबासारखी वस्तू आहे असा आपला समज असतो. वास्तविक हाडात आयुष्यभर जमाखर्च चालू असतो. एका जातीच्या पेशी जुने हाड विरघळवून खर्ची टाकतात, दुसऱ्या जातीच्या पेशी त्या जागी नवे हाड जमा करतात, आणि तारुण्यात ही खातेवही बरोबर जुळते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन ओसरले म्हणजे स्त्रियांच्या हाडात खर्चाची बाजू एकाएकी वाढते. पुरुषांत हाच प्रकार सावकाश आणि उशिरा होतो. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे, ड जीवनसत्त्वाची उणीव, आणि बैठे आयुष्य यांची त्यात भर पडते. आपल्या देशात वर्षाचा बराच काळ भरपूर ऊन असूनही ड जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते, हे ऐकून माणसे विस्मय करतात. पण ऊन अंगणात असते आणि आपण घरात किंवा अंगभर वस्त्रांत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली जी व्याख्या मुक्रर केली तिच्याप्रमाणे, डेक्सा नावाच्या तपासणीत हाडाची घनता निरोगी तरुण वयाच्या सरासरीपेक्षा अडीच प्रमाणविचलनांनी किंवा त्याहून अधिक खाली असेल, म्हणजे ‘टी-स्कोअर’ उणे २.५ किंवा त्याखाली असेल, तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणावे.

या आकड्यालाही जपून वाचावे लागते. झिजलेल्या सांध्यांच्या वृद्ध रुग्णात कण्याच्या मणक्यांवरही हाडाचे काटे उगवलेले असतात, आणि ते यंत्राला घनतेसारखेच दिसतात. त्यामुळे कण्याचा आकडा खोटा उजळ निघतो आणि खुब्याचा आकडा अधिक विश्वासाचा ठरतो. पूर्वी असाही समज होता की, सांध्याची झीज आणि हाडांचा ठिसूळपणा या दोन व्याधी सहसा एका देहात नांदत नाहीत. तो समज आता टिकलेला नाही. गुडघा बदलण्यासाठी आलेल्या वृद्ध स्त्रियांत ठिसूळ हाडे वारंवार आढळतात, आणि त्यांपैकी पुष्कळींना शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत त्याचा पत्ता नसतो.

गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याचा इतिहास पाहिला तरी पहिली ठेच हाडाशीच लागलेली दिसते. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लिस ग्लुक या शल्यचिकित्सकाने क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली, आणि ती हाडात पक्की राहावी म्हणून राळ, प्यूमिस दगडाची पूड व प्लास्टर यांचे मिश्रण वापरले. सांध्याची कल्पना काळाच्या कितीतरी पुढची होती; परंतु रोगट, जंतुसंसर्ग झालेल्या हाडात ती तगली नाही. आणि योगायोग असा की, त्याच बर्लिन नगरीत १८९२ साली युलियस वोल्फ यांनी आपला प्रसिद्ध नियम ग्रंथरूपाने मांडला: हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना घडते, भार वाढला तर ते बळकट होते, आणि भार काढून घेतला तर ते झिजत जाते. ग्लुक यांना हवी असलेली विद्या आणि वोल्फ यांचा नियम या दोहोंची गाठ पडण्यास पुढे पाऊणशे वर्षे जावी लागली.

ती गाठ पडण्याचे श्रेय ज्या वस्तूला द्यावे लागेल ती म्हणजे अस्थिसिमेंट. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दंतवैद्यांच्या वापरातले ॲक्रिलिक खुब्याच्या सांध्यासाठी घेतले. या द्रव्याला सिमेंट म्हणतात खरे, परंतु ते डिंकासारखे चिकटत नाही. दगडी भिंतीच्या दरजांत चुना भरला म्हणजे तो जसा फटीफटींत शिरून घट्ट होतो आणि दगडांना हालू देत नाही, तसे हे सिमेंट हाडाच्या सच्छिद्र जाळीत शिरते आणि तिथेच थिजून अडकून बसते. त्यानंतर १९७४ साली न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये जॉन इनसॉल, चित्तरंजन राणावत आणि अभियंता पीटर वॉकर यांच्या हातून ‘टोटल कॉन्डिलर’ हा सांधा प्रचारात आला, आणि आजचे बहुतेक सांधे त्याच्याच वंशातले आहेत. हे राणावत मूळचे मध्यप्रदेशातले. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांनीच बदलला, आणि त्या दोन शस्त्रक्रियांच्या बातम्यांनी हा विषय महाराष्ट्राच्या ओसरीओसरीवर नेऊन पोहोचवला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ठिसूळ हाडात सांधा सिमेंटने बसवावा की सिमेंटविना? सिमेंटविना बसवायच्या सांध्याचा पृष्ठभाग खरखरीत, सच्छिद्र असतो, आणि रुग्णाचे हाड हळूहळू त्यात वाढून त्याला धरून ठेवील अशी त्यात अपेक्षा असते. परंतु ही अपेक्षा फलद्रूप होण्यासाठी पहिले काही आठवडे सांधा जागच्या जागी इतका निश्चल राहिला पाहिजे की, त्याची हालचाल मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच राहावी. तशी ती राहिली नाही तर हाडाऐवजी मऊ तंतुमय ऊतक वाढते आणि सांधा सैल पडतो. तरुण, भक्कम हाड ही पकड देते. वाळवी लागलेल्या लाकडात खिळा धरत नाही हे ज्याने पाहिले आहे त्याला भुसभुशीत हाडाविषयी निराळे सांगायला नको. उलट सिमेंटच्या दृष्टीने तेच मोठ्या छिद्रांचे हाड सोयीचे असते, कारण त्यात ते सहज आत शिरते आणि पहिल्याच दिवशी सांधा पक्का होतो. ठिसूळ हाडाच्या वृद्ध रुग्णासाठी बहुतेक शल्यविशारद सिमेंटचाच आश्रय करतात तो याच सबबीवर, आणि उपलब्ध पुराव्यावरून मलाही तोच निर्णय योग्य वाटतो.

आत्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, शल्यविशारदांच्या कृपेने, मला कोपऱ्यात उभे राहून पाहण्याची परवानगी मिळाली होती. करवतीचा आवाज हाडाची प्रत सांगतो, हे मला तिथे प्रथम कळले. नडगीच्या आतल्या बाजूला, जिथे वर्षानुवर्षे सारे वजन पडत आले होते, तिथे करवत कण्हल्यासारखी अडखळत होती. बाहेरच्या बाजूला येताच तीच करवत लोण्यातून सुरी जावी तशी सरकन निघून गेली. कापलेला माथा उघडा झाला तेव्हा वोल्फ यांचा नियम जणू डोळ्यांपुढे मांडून ठेवला होता: आतला भाग हस्तिदंतासारखा पिवळट, घट्ट आणि चकचकीत, बाहेरचा भाग शिळ्या पावाच्या गाभ्यासारखा. शल्यविशारदांनी त्या बाहेरच्या भागावर अंगठा टेकवून हलकेच दाबला. अंगठ्याखाली हाड किंचित दबले. “बघा,” ते म्हणाले, “डेक्साचा कागद मी काल वाचला, पण खरा रिपोर्ट हा.” आणि लगेच त्यांनी मदतनिसाला सांगितले की, ताटाला आखूड दांडा जोडायचा आहे, तो काढून ठेवा.

त्यानंतर मिठाच्या पाण्याच्या वेगवान, थांबून थांबून येणाऱ्या फवाऱ्याने ते हाड धुण्यात आले. रक्त आणि मेद वाहून गेल्यावर लालसर लगद्यातून मधाच्या पोळ्यासारखी पांढरी जाळी वर आली. ही जाळी स्वच्छ झाली नाही तर सिमेंटची पकड रक्ता-चरबीवर पडते, हाडावर पडत नाही, आणि ठिसूळ हाडात ही कसूर अधिक महागात पडते. आतल्या घट्ट भागात छिद्रेच नव्हती, म्हणून तिथे बारीक सुईसारख्या ड्रिलने मुद्दाम पाच-सहा भोके पाडली गेली. मग पांढरी पूड आणि तीव्र वासाचा द्रव एकत्र कालवण्यात आला. दोनेक मिनिटांत त्याची कणीक झाली. हातमोज्याला चिकटायची थांबली तशी ती बोटाने दाबत दाबत त्या जाळीत भरली गेली, कारण तीन ते पाच मिलिमीटर खोलीपर्यंत ती उतरावी लागते: त्याहून उथळ राहिली तर पकड अपुरी, आणि फार खोल गेली तर थिजताना निघणाऱ्या उष्णतेने भोवतालचे हाड भाजण्याचे भय. ताट बसले, टोपी बसली, पाय सरळ करून दाबून धरला गेला, आणि एका परिचारिकेने सिमेंटची उरलेली सुपारीएवढी गोळी चिमटीत धरून ठेवली. दहा-बारा मिनिटे त्या दालनात कोणी बोलले नाही. शेवटी तिने गोळी पुढे केली. मी बोट लावले तर ती तापलेली आणि दगडासारखी टणक झाली होती.

तो आखूड दांडा कशासाठी, हे सांगायला हवे. ताटावर पडणारा भार माथ्यावरच्या मऊ हाडाने एकट्याने सोसला तर ते दबते आणि ताट एका बाजूला कलते. ताटाखालून दोन-तीन इंचांचा दांडा हाडाच्या पोकळीत उतरवला तर भाराचा काही हिस्सा खालच्या बळकट भागाकडे जातो. पण दांडा लांब केला म्हणजे अधिक चांगले, असे गणित इथे चालत नाही. फार लांब दांड्याने वरच्या हाडाचा भार अजिबात काढून घेतला, तर वोल्फ यांच्या नियमाप्रमाणे ते वरचे हाड अधिकच झिजते. शिवाय दांड्याच्या टोकाशी दुखत राहू शकते. हेच विचार धातूच्या निवडीतही येतात. कोबाल्ट-क्रोमियम हा मिश्रधातू टायटॅनियमच्या मिश्रधातूपेक्षा सुमारे दुप्पट ताठर, आणि घट्ट हाडाच्या तुलनेत तर दहा पटींहून अधिक. ताठर ताट भार स्वतःवर घेते आणि खालच्या हाडाला निष्क्रिय करते. कोबाल्ट-क्रोमियमच्या ताटाखाली नडगीच्या आतल्या बाजूला हाड विरळ झाल्याचे क्ष-किरण चित्रांत अधिक प्रमाणात दिसलेले आहे. टायटॅनियम थोडे लवते आणि भार हाडाला वाटून देते, म्हणून ठिसूळ हाडात ताटापुरती त्याची निवड मला सयुक्तिक वाटते. मांडीच्या टोपीला मात्र, जिच्यावर चकती सतत घासते, कोबाल्ट-क्रोमियमचा कठीणपणाच उपयोगी पडतो. संपूर्ण पॉलिएथिलीनचेच ताट, धातूविना, हाही एक स्वस्त आणि जुना मार्ग आहे, आणि कमी हालचाल असणाऱ्या वृद्धांत, हाड बऱ्यापैकी शाबूत असेल तर, तो चांगले काम देतो. किमतीचा विषय निघालाच आहे म्हणून नोंदवतो: ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसारख्या विशेष धातूच्या सांध्याला ७६,६०० रुपये, कर वेगळा, असा हुकूम निघाला. सांध्याच्या किमतीवरून घरात होणाऱ्या वादांची धार त्यामुळे पुष्कळ कमी झाली आहे.

टोपीच्या बाबतीत आणखी एक निवड असते, आणि ती रुग्णाला सहसा सांगितली जात नाही. गुडघ्याच्या आत मागच्या बाजूला एक आडवा-तिरपा अस्थिबंध असतो. तो राखून ठेवणारे सांधे एका प्रकारचे, आणि तो काढून टाकून त्याचे काम चकतीवरच्या एका खुंटीकडे सोपवणारे सांधे दुसऱ्या प्रकारचे. दुसऱ्या प्रकारात ती खुंटी फिरावी म्हणून मांडीच्या हाडाच्या दोन गोलकांच्या मधोमध चौकोनी खोबण कोरावी लागते. लहान चणीच्या स्त्रीच्या आधीच नाजूक हाडात ही खोबण प्रमाणाने मोठी ठरते, आणि टोपी ठोकून बसवताना एखादा गोलक तडकण्याचा संभव वाढतो. अस्थिबंध राखणारा सांधा हे हाड वाचवतो; परंतु तिथेही नडगीवरच्या ज्या उंचवट्याला तो अस्थिबंध धरून असतो ती जागा मऊ असेल तर ती निखळून येऊ शकते, आणि पाय फार वाकडा झाला असेल तर अस्थिबंध राखणे शक्यही होत नाही. येथे एकच नियम सर्वांना लावणारे मत मला पटत नाही. शल्यविशारदाचा हात ज्या सांध्यावर बसलेला आहे तो, खोबण काळजीने कोरून आणि ठोके मोजून देऊन बसवलेला, अनोळखी सांध्यापेक्षा बरा. अधिक बंदिस्त, बिजागरीसारख्या सांध्याकडे मात्र अस्थिबंध खरोखर निकामी झाल्याशिवाय जाऊ नये. अशा सांध्याचा प्रत्येक हिसका सिमेंट आणि हाड यांच्या सांधणीवर जातो.

ठोक्यांचे म्हटले ते अतिशयोक्तीने म्हटलेले नाही. ठिसूळ हाडाच्या गुडघ्यात कौशल्याचा मोठा भाग संयमाचा असतो: हाड बाजूला धरण्याच्या पट्ट्यांनी तरफेसारखा जोर न देणे, नडगीचा काप शक्य तेवढा पातळ घेणे, कारण माथ्यापासून जितके खाली जावे तितके तिथले जाळीदार हाड कमकुवत होत जाते, आणि तुळई भिंतीवर टेकावी तसे ताट कडेच्या घट्ट हाडावर टेकेल एवढ्या मापाचे निवडणे. मांडीच्या हाडाच्या पुढच्या पृष्ठभागाला करवतीची खाच पडू न देणे हे तर फार महत्त्वाचे, कारण त्या खाचेपाशी हाडाची पिळ सोसण्याची ताकद घटते आणि पुढे कधी तरी साध्या पडण्याने ते तिथेच मोडू शकते. आशियाई स्त्रियांत मांडीचे हाड पुष्कळदा पुढे कमानीसारखे वाकलेले असते, आणि हाडाच्या पोकळीत सरळ गज घालून माप घेताना हीच कमान शल्यविशारदाला चुकवते. संगणकाच्या किंवा यंत्रमानवाच्या साहाय्याने हा गज टळतो, ही त्यांची जमेची बाजू. पण त्यांच्या खुणेसाठी हाडात ज्या पिना खोचाव्या लागतात त्यांच्या भोकांपाशी हाड मोडल्याच्या घटना घडलेल्या आहेत, आणि ठिसूळ हाडात त्या पिना बारीक व योग्य जागी आहेत की नाहीत हे पाहिले पाहिजे.

वाटी, म्हणजे खरी वाटी, बदलायची की नाही याविषयी मतभेद आहेत. आपल्याकडच्या स्त्रियांची वाटी मुळात पातळ असते. तिची मागची बाजू कापून पॉलिएथिलीन बसवताना बारा मिलिमीटरांहून कमी हाड उरू लागले तर ती तडकण्याचा धोका पत्करण्यापेक्षा तिला हात न लावणे श्रेयस्कर. गुडघ्याच्या एकाच बाजूचा अर्धा सांधा बदलण्याची पद्धत निवडक रुग्णांत उत्तम असली तरी, फार ठिसूळ हाडात छोटे ताट नडगीत रुतण्याचे किंवा माथा चिरण्याचे भय असते, म्हणून तिथे मी तरी संपूर्ण सांध्याच्या बाजूचा आहे.

कोणता सांधा किती वर्षे टिकेल, या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे संपूर्ण गुडघ्याचे सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात. ठिसूळ हाडाच्या माणसाला भय सांधा झिजण्याचे कमी आणि सांध्याभोवतीचे हाड मोडण्याचे अधिक. टोपीच्या अगदी वर मांडीचे हाड मोडण्याचे प्रमाण शेकडा ०.३ ते २.५ असे सांगतात. आणि त्यामागे एक विचित्र न्याय आहे. वर्षानुवर्षे दुखऱ्या गुडघ्याने घरात बसलेल्या माणसाचे हाड बैठकीने आधीच विरळ झालेले असते. नव्या सांध्याने वेदना जाते, माणूस उमेदीने बाहेर पडतो, आणि धातूच्या टोपीखाली पुढच्या बाजूचे हाड पहिल्या वर्षातच आणखी विरळ होत असते. पडण्याची संधी वाढते नेमकी तेव्हाच हाडाची सोसण्याची शक्ती घटलेली असते. असे हाड मोडले तर ते पट्टी व स्क्रूंनी जोडावे लागते, किंवा गुडघ्यातून वर सळई घालून. आणि सळई जाईल की नाही हे टोपीच्या मधली खोबण उघडी आहे की बंद, यावर अवलंबून असते. म्हणून सांध्याच्या खोक्यावरच्या ज्या छापील चिठ्ठ्या रुग्णालयाच्या कागदपत्रांत डकवलेल्या असतात त्यांची एक प्रत घरच्या दप्तरात, जमिनीच्या सातबाऱ्याइतक्या जतनाने, ठेवावी. मध्यरात्री दुसऱ्याच गावच्या रुग्णालयात त्या चिठ्ठीवरच्या नाव-नंबराने काही तासांचा शोध वाचतो. आणि मोतीबिंदू काढायचा राहिला असेल तर तो काढावा, मोरीत धरायला दांडा बसवावा, उंबऱ्याशी सरकणारे पायपुसणे उचलावे. या तजविजींना सांध्याच्या निवडीपेक्षा कमी मानण्याचे कारण मला दिसत नाही.

राहिले औषध. ज्या माणसाचे हाड ठिसूळ म्हणून सिद्ध झाले आहे त्याला हाडाचे औषध न देता केवळ सांधा बसवून घरी पाठवणे ही मला अर्धवट चिकित्सा वाटते. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची उणीव आधी भरून काढावी, त्यासाठी शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे गेली तरी चालेल. मग बिस्फॉस्फोनेट जातीची औषधे: आठवड्यातून एकदा ७० मिलिग्रॅम ॲलेन्ड्रोनेटची गोळी, किंवा मूत्रपिंडे ठीक असल्यास वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम झोलेड्रोनेट शिरेतून. ती सुरू करण्यापूर्वी दात दाखवून घ्यावेत. ती घेणाऱ्या रुग्णांत सांधा पुन्हा बदलण्याची वेळ कमी प्रमाणात आली, असे मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांत आढळले आहे. निरीक्षण हा निर्णायक पुरावा नव्हे, तरी मोडलेले मणके आणि खुबे टाळण्यासाठी ही औषधे घ्यावीच लागतात, त्यामुळे त्यांचा दुसरा लाभ कमीअधिक निघाला तरी बिघडत नाही. अनेक वर्षे घेतल्यावर मांडीच्या हाडाला क्वचित निराळ्या प्रकारची चीर पडते, म्हणून त्यांची मुदत वैद्याने ठरवावी. सहा महिन्यांतून एकदा घ्यावयाचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन हा दुसरा मार्ग. ते मात्र मनाने बंद करू नये, कारण ते थांबताच हाड झपाट्याने खर्ची पडते आणि मणके मोडू शकतात. फार बिघडलेल्या हाडासाठी रोज टोचून घ्यावयाचे टेरिपॅराटाइड आहे, जे नवे हाड जमा करते.

आत्यांना गोळी मिळाली, आणि तिचा दिवस त्यांनी रविवार ठरवला. उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी, आणि मग अर्धा तास आडवे व्हायचे नाही, की तोंडात दुसरे काही घालायचे नाही, कारण गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर ती भाजते आणि अन्नात मिसळली तर रक्तात शोषलीच जात नाही. अर्धा तास चहावाचून ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच शिस्त. गॅसवर आधण ठेवले की त्या खिडकीशी खुर्ची ओढून ताठ बसतात, भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा सहावर येईपर्यंत कोणाशी बोलत नाहीत. आणि तो आला की काठी कोपऱ्यातच ठेवून स्वयंपाकघरात जातात.